दहा टक्के वाटा

युद्धकाळात इंग्लंडमधल्या स्टेशनांवर रात्री दिवे लावायला बंदी होती. केंट परगण्यातल्या अशाच एका काळोख्या स्टेशनवर तिघं जण उतरतात. एक अमेरिकन सार्जंट, जो कँटरबरी आलं समजून एक स्टेशन आधीच उतरलाय. एक ब्रिटिश सार्जंट. आणि ॲलिसन स्मिथ. लंडनच्या एका मोठ्या दुकानात ही मुलगी बागेतल्या खुर्च्या-टेबलं विकायची. आता ‘विमेन्स लँड आर्मी’त भरती होऊन शेतावर राबायला आली आहे. मुलीला एकटी सोडू नका, असं स्टेशनमास्तर बजावतो. तरी गावात शिरता शिरता अंधारातून कुणीतरी येतं, तिच्या केसांवर डिंक ओततं आणि पसार होतं. मायकेल पॉवेल आणि एमेरिक प्रेसबर्गर या जोडीच्या ‘अ कँटरबरी टेल’ची (१९४४) कथा इथे पेट घेते.

ॲलिसनचं काम करणाऱ्या शीला सिमचा हा पहिलाच चित्रपट. १९४३च्या उन्हाळ्यात केंटमध्ये चित्रीकरण झालं तेव्हा ती २१ वर्षांची होती. तिचा शेवटचा चित्रपट १९५५चा. मधल्या ११ वर्षांत नऊ-दहा चित्रपट, बस्स. पुढे ती साठ वर्षं जगली आणि जगाला ठाऊक राहिली ती रिचर्ड ॲटनबरोची, म्हणजे आपल्या ‘गांधी’च्या दिग्दर्शकाची, बायको म्हणून.

चित्रपट संपला आणि आमच्या घरात जुंपली. एका बाजूला माझी थोरली बहीण, जिला मी ताई म्हणतो. सत्तरच्या दशकात तिने प्रायोगिक नाटकांत कामं केली, मग बँकेत चिकटली. दुसऱ्या बाजूला आमचे चिरंजीव. त्यांनी नुकतीच चांगली नोकरी सोडली आहे आणि का सोडली हे विचारलेलं त्यांना चालत नाही. वाद शीला सिमवर झाला. पण या दोन गोष्टी वाचकांना आधीच सांगितलेल्या बऱ्या.

ताई : मला आधी ती गवतातली जागा आठवते. टेकडीवरच्या जुन्या यात्रामार्गावर ॲलिसन एकटीच चालतेय. तिला वाऱ्यात घोड्यांच्या टापा ऐकू येतात, वाद्यं ऐकू येतात, शेकडो वर्षांपूर्वीच्या यात्रेकरूंचं हसणं ऐकू येतं. तोंडातून एक शब्द नाही. सगळं चेहऱ्यावर. नाटकातल्या माणसाला विचार, हे किती अवघड असतं. ऐकण्याचा अभिनय येणारी एकवीस वर्षांची पोर! आणि अशी बाई तेहतिसाव्या वर्षी कॅमेऱ्यापुढून कायमची जाते. तू म्हणतोस त्यात वाईट काय.

चिरंजीव : वाईट काय असं नाही म्हटलं, आत्या. तुला वाईट वाटतंय हे मला कळतं. पण तिला वाटत होतं हे तू कशावरून ठरवलंस?

ताई : तिने काय वाटतं ते सांगायला तिला विचारलं कुणी? मुलाखती नवऱ्याच्या व्हायच्या.

चिरंजीव : हे बघ, त्याच चित्रपटातला अमेरिकन सार्जंट घे. जॉन स्वीट. तो नट नव्हताच, अमेरिकन सैन्यातला खराखुरा सार्जंट होता. मोठी भूमिका त्याच्या वाट्याला ही एकच. सैन्यात असल्यामुळे मानधन स्वतःला ठेवता येत नव्हतं, म्हणून २,००० डॉलर त्याने कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी झटणाऱ्या संस्थेला देऊन टाकले. १९४४ साली! पुढे गडी शिक्षक झाला, नव्वदी ओलांडून गेला. त्याच्याबद्दल कुणी हळहळतं का? ‘बिचाऱ्याची कारकीर्द अर्धवट राहिली’ असं कुणी लिहितं?

ताई : तो मुळात शिक्षकच होणार होता. ही शिकली कुठे? ‘राडा’त. लंडनच्या त्या नाट्यशाळेत तेव्हा बॉम्ब पडत होते, १९४१मध्ये शाळेचं नाट्यगृहच उडालं. अशा दिवसांत जी मुलगी लिव्हरपूलला जन्मून, क्रॉयडनला शाळा शिकून तिथे जाते, ती चार दिवस हौस करायला जात नाही. रिचर्ड तिला तिथेच भेटला. दोघांचा श्रीगणेशा एकाच वर्गात. एक जण लॉर्ड झाला, दुसरी लॉर्डची बायको.

चिरंजीव : आत्या, हे वाक्य तू आधीच तयार करून ठेवलं होतंस.

ताई : असू दे. खोटं आहे का?

खोटं नव्हतं, पण पुरतं खरंही नव्हतं, आणि ते दोघांनाही दिसत नव्हतं असं मला वाटलं. म्हणून मी तिच्या चित्रपटांची यादी समोर ठेवली. माझं मत असं की या वादाचं उत्तर तिच्या संसारात शोधण्याआधी तिला मिळालेल्या भूमिकांत शोधावं.

ॲलिसन कोण आहे पाहा. तिचा जिवलग जेफ्री वायुदलात होता, तो मेला अशी खबर आहे. लग्नाआधीच दोघं एका कॅराव्हॅनमध्ये सुट्टी घालवून आलेली. यात्रामार्गावर उत्खनन करताना सापडलेली नाणी तिने जपून ठेवली आहेत. जेफ्रीच्या बापाला दुकानात काम करणारी सून नको होती. हे सगळं ती रडगाणं न करता सांगते. आणि नायक म्हणावा अशा अमेरिकन सार्जंटशी तिचं प्रेमप्रकरण जमत नाही. दोघं मित्र होतात, डिंकवाल्याचा छडा लावतात, कँटरबरीला पोचून आपापल्या वाटेने जातात. १९४४ साली चित्रपटातल्या बाईला एवढी मोकळीक! तिच्या शेताची मालकीण प्रुडन्स हनीवूड हीसुद्धा लग्नाशिवाय राहिलेली बाई, आणि पटकथा तिची कीव करत नाही.

हे पॉवेल-प्रेसबर्गरच्या उदारपणामुळे झालं, पण नुसतं तेवढ्यामुळे नव्हे. डिसेंबर १९४१मध्ये ब्रिटनने अविवाहित तरुण स्त्रियांसाठीही सक्तीच्या राष्ट्रसेवेचा कायदा केला. लँड आर्मीत एका वेळी ८०,०००हून जास्त बायका होत्या. तपकिरी तुमानी, हिरवे स्वेटर, डोक्यावर फेल्टची टोपी. कारखान्यांत, तोफखान्यांत, शेतांत बायका दिसू लागल्या तशा पडद्यावरही दिसू लागल्या. ‘मिलियन्स लाइक अस’मध्ये विमानांचे भाग बनवणाऱ्या मुली, ‘द जेंटल सेक्स’मध्ये सैन्याच्या स्त्री-शाखेतल्या मुली, दोन्ही १९४३चे. सरकारला बायका हव्या होत्या, म्हणून कॅमेऱ्यालाही हव्या झाल्या.

ताई : हेच तर मी म्हणते. गरज सरो.

चिरंजीव : तू ‘नवऱ्याने खाल्लं’ म्हणत होतीस. बाबा म्हणतायत, युद्ध संपल्याने खाल्लं.

ताई : दोघांनी वाटून खाल्लं. यादी दे इकडे. हा ‘ग्रेट डे’, १९४५. हा घे. एका खेड्यात मिसेस रूझवेल्ट येणार म्हणून बायकांच्या मंडळाची लगबग. इथेही ही शेतावरच राबणारी. आई फ्लोरा रॉबसन, बाप एरिक पोर्टमन, पहिल्या महायुद्धातल्या कॅप्टनकीच्या आठवणींवर जगणारा, दारूपायी लाचार. आईचे हाल पाहिलेली ही पोर एका थोराड, पैसेवाल्या शेतकऱ्याशी लग्न ठरवून बसते, आणि जीव जडलाय एका तरुण सैनिकावर. सुरक्षितपणा की प्रेम? पैशांच्या धास्तीने खोटा निर्णय घेणारी मुलगी तिने अशी वठवली आहे की तिची चीड येत नाही. दोन चित्रपट, दोन्हीकडे बाईच्या मनात काहीतरी शिजतंय. आता पुढचे वाच.

चिरंजीव : ‘डान्सिंग विथ क्राइम’, १९४७. ॲटनबरो टॅक्सी चालवतो, ही त्याची प्रेयसी.

ताई : पुढे.

चिरंजीव : ‘द गिनी पिग’, १९४८. हे भारी आहे, बाबा. पंचविशीतला ॲटनबरो चौदा वर्षांचा शाळकरी मुलगा झालाय, तंबाखूवाल्याचा पोरगा, श्रीमंतांच्या निवासी शाळेत टाकलेला. आणि त्याची खरी बायको पडद्यावर त्याच्या हाउसमास्तरची मुलगी!

ताई : हाउसमास्तरची मुलगी. ऐकलंस ना? पुढे ‘डिअर मिस्टर प्रोहॅक’, मिस्टर प्रोहॅकची मुलगी. ‘पँडोरा अँड द फ्लाइंग डचमन’, १९५१: स्पेनचा समुद्र, जेम्स मेसन, एव्हा गार्डनर, रंगीत. आणि आपली शीला? जिचा माणूस एव्हा गार्डनरकडे वळतो ती मुलगी. अरे, एव्हा गार्डनर शेजारी उभी असताना कुणाकडे कोण बघणार! ‘वेस्ट ऑफ झांझिबार’मध्ये आफ्रिकेतल्या वनाधिकाऱ्याची बायको, आणि तीही आधीच्या चित्रपटात दुसऱ्याच नटीने केलेली बायको, हिने फक्त जागा भरली. शेवटचा ‘द नाइट माय नंबर केम अप’, १९५५. हाँगकाँगहून टोकियोला निघालेल्या विमानातल्या उतारूंपैकी एक. त्याच वर्षी ‘द डॅम बस्टर्स’ आला. पन्नासच्या दशकात इंग्रजांनी ते युद्ध पडद्यावर पुन्हा एकदा लढलं. या खेपेला बायका घरी ठेवून.

हे शेवटचं वाक्य ताईने इतक्या शांतपणे टाकलं की चिरंजीव क्षणभर गप्प झाले. माझं म्हणणं मी सविस्तर मांडणार होतो, ते तिने दोन वाक्यांत संपवलं. तिच्यापुढे माझं नेहमी असंच होतं.

चिरंजीव : म्हणजे तू स्वतःच माझी बाजू मांडलीस. अशा भूमिका मिळत असतील तर मी पण सोडेन. समोर ‘अमक्याची मुलगी, तमक्याची बायको’ एवढंच येत असेल, तर घरी खरीखुरी मुलं आहेत, ती वाढवलेली काय वाईट? मायकेल १९५०चा. शेवटचा चित्रपट आला त्याच वर्षी मुलगी झाली, जेन. मग शार्लट. यात तिने हिशेब केला असेल आणि तो बरोबर असेल.

ताई : घरी तरी ती कुणाची तरी आई आणि कुणाची तरी बायकोच होती, राजा. फरक एवढाच की तिथे कॅमेरा नव्हता.

चिरंजीव : आणि कोर्टात? ती ‘जस्टिस ऑफ द पीस’ झाली होती, मानद दंडाधिकारी. तिथे ती कुणाची कोण होती? खुर्चीवर ती स्वतः होती. आणि गंमत बघ. ‘अ कँटरबरी टेल’मध्ये डिंक ओतणारा माणूस कोण निघतो?

ताई : कोलपेपर. मॅजिस्ट्रेट.

चिरंजीव : गावचा मॅजिस्ट्रेट! सैनिकांनी मुलींच्या मागे न जाता आपली स्थानिक इतिहासावरची व्याख्यानं ऐकावीत म्हणून मुलींच्या डोक्यावर डिंक. त्याला शेतावर मुलगी कामाला नको, व्याख्यानाला मुली नकोत. आणि त्याच्यासमोर उभी राहून त्याला विचारणारी पोरगी पुढे खरोखरची मॅजिस्ट्रेट होते. हे पटकथेत घातलं असतं तर तूच म्हणाली असतीस, फार जुळवून आणलंय.

ताई : म्हणाले असते. (हसून) पण तो कोलपेपर एरिक पोर्टमनने काय केलाय! आधी राग येतो, मग गवतात पडून दोघं बोलतात तेव्हा त्याचा एकटेपणा दिसतो. ती त्याला माफ करत नाही, पण समजून घेते. न्यायाधीशाला लागतं तेच ते, नाही का?

इथे मी चहा टाकायला उठलो आणि परत येईपर्यंत गाडी लंडनच्या रंगभूमीवर जाऊन पोचली होती. ताईचा प्रांत.

ताई : चित्रपटांचं राहू दे. १९५२. ॲगाथा ख्रिस्तीचं नवं नाटक, ‘द माउसट्रॅप’. ऑक्टोबरमध्ये नॉटिंगहॅमला पहिला प्रयोग, २५ नोव्हेंबरला लंडनच्या ॲम्बॅसेडर्स थिएटरमध्ये. सार्जंट ट्रॉटरच्या भूमिकेत रिचर्ड, आणि गेस्टहाउस चालवणाऱ्या मॉली रॅल्स्टनच्या भूमिकेत ही. जगातली पहिली मॉली. त्यानंतर किती जणी मॉली झाल्या त्याची मोजदाद नाही, कारण ते नाटक अजून चालू आहे. मधे करोनाने पडदा पाडला तेवढाच. आता ऐक. नवरा-बायकोने निर्मात्याशी काय सौदा केला? दोघांच्या एकत्रित पगारातला काही भाग सोडला आणि बदल्यात नफ्यात दहा टक्के वाटा घेतला. दोघांच्या पगारातून. हे लक्षात ठेव.

चिरंजीव : आणि त्यातून ‘गांधी’.

ताई : एकदम नाही. १९६२मध्ये लंडनच्या भारतीय उच्चायुक्तालयातल्या मोतीलाल कोठारींनी रिचर्डला फोन केला, गांधींवर चित्रपट करा म्हणून. तेव्हा त्याने एकही चित्रपट दिग्दर्शित केलेला नव्हता. लुई फिशरचं चरित्र वाचलं आणि माणूस झपाटला. नेहरूंना भेटला, नेहरू गेले. कोठारीही १९७०मध्ये गेले. वीस वर्षं पैसे कुणी देईना. भूमिका करायची, पैसे आणायचे, त्यात घालायचे. घरातली चित्रं विकली, घर गहाण पडलं. चित्रपट तगवायला ‘माउसट्रॅप’मधला उरलेला वाटाही विकला. ज्या वाट्यात निम्मी कमाई हिची होती! आज तो हातात असता तर? पण ते सोड. आपल्या पुण्यात आगाखान पॅलेसमध्ये चित्रीकरण झालं, रोहिणी हट्टंगडींनी कस्तुरबा केली, डॉ. लागूंनी गोखले केले, कोल्हापूरच्या भानू अथय्यांना ऑस्कर मिळालं. या सगळ्याच्या मुळाशी एका नटीने सोडलेला पगार आहे, थोडका का होईना. ‘गांधी’ची गोष्ट आपल्याकडे शंभरदा सांगितली जाते. त्यात तिचं नाव कितीदा येतं?

चिरंजीव : तिच्या भावाचं येतं, श्रेयनामावलीत. जेराल्ड सिम. त्यात तो मॅजिस्ट्रेट आहे.

ताई : बघ, तिथेही मॅजिस्ट्रेट! घरचा धंदाच म्हणायचा. (थांबून) तू विषय बदलू नकोस.

चिरंजीव : नाही बदलत. तुझा मुद्दा मान्य. श्रेय द्यायला हवं होतं. पण श्रेय मिळालं नाही ही एक तक्रार आणि अभिनय सोडला ही दुसरी. तू दोन्ही एका गाठोड्यात बांधतेस. आणि तूच लागूंचं नाव घेतलंस म्हणून सांगतो. ते कान-नाक-घशाचे सर्जन होते. चांगली चाललेली डॉक्टरकी १९६९मध्ये सोडून पूर्णवेळ नट झाले. आपण टाळ्या वाजवतो. ‘अरेरे, केवढा शल्यविशारद वाया गेला’ असं कुणी म्हटलंय? कलेसाठी काही सोडलं की तो त्याग, आणि कला सोडली की ती शोकांतिका. हे गणित कुणी ठरवलं? कलावंतांनीच ना?

ताईने चष्मा काढून पुसला. मला ती सवय माहीत आहे. तिला मुद्दा लागला होता. माझ्या मते हा चिरंजीवांचा दिवसभरातला सर्वांत चांगला मुद्दा होता, आणि त्याला उत्तर आहे, पण सोपं नाही.

ताई : लागूंनी जे सोडलं ते परत धरता आलं असतं. डॉक्टरला चाळिशीनंतरही रुग्ण येतात. पडद्यावरच्या बाईला चाळिशीनंतर काय येतं? आणि दुसरं. लागू स्वतःच्या कामाकडे गेले. ही कुणाच्या कामासाठी थांबली याची शंका येते, म्हणून मी विचारते.

चिरंजीव : ती पण स्वतःच्या कामाकडेच गेली असेल तर? ऐक. इंग्लंडमध्ये नटनट्यांच्या अनाथ, निराधार मुलांसाठी एक जुनी संस्था होती, ‘ॲक्टर्स ऑर्फनेज’. नोएल कॉवर्ड तिचा अध्यक्ष असताना, १९४०मध्ये, बॉम्बहल्ल्यांपासून वाचवायला त्याने तिथली मुलं न्यूयॉर्कला पाठवली होती. नंतर तिचंच ‘ॲक्टर्स चॅरिटेबल ट्रस्ट’ झालं. शीलाने त्यासाठी अनेक दशकं काम केलं. शोभेला समितीवर नव्हे, खरं काम. आणि डेनव्हिल हॉल. लंडनच्या कडेला, नॉर्थवूडला. वृद्ध नटनट्यांचं घर, १९२६पासूनचं. अल्फ्रेड डेनव्हिल नावाच्या नट-व्यवस्थापकाने ते उभं केलं. त्या घराची पुढे नव्याने बांधणी झाली, त्यामागे हे जोडपं होतं. अकरा वर्षं अभिनय, आणि त्याच्या कितीतरी पट वर्षं अभिनेत्यांची देखभाल. यातलं मोठं काम कुठलं, हे तू मला पडद्याच्या उजेडात सांगू नकोस.

ताई : (बऱ्याच वेळाने) शांता हुबळीकर आठवतात.

चिरंजीव : कोण?

ताई : प्रभातचा ‘माणूस’, १९३९. मैना. शांतारामबापूंनी काय काम करून घेतलंय त्यांच्याकडून! तूही बघ. म्हातारपणी त्या बाईंवर आश्रमात राहायची वेळ आली. लोकांना पत्तासुद्धा नव्हता त्या आहेत की गेल्या. आपल्याकडे आठवणी निघतात, पुरस्कार निघतात, गाण्यांचे कार्यक्रम निघतात. डेनव्हिल हॉल निघाला नाही.

चिरंजीव : मग?

ताई : मग काय? तू जिंकलास असं नाही. एखादीने वृद्ध नटांसाठी घर चालवलं म्हणजे तिने नट राहू नये असं कुठे आहे? दोन्ही करता आलं असतं. रिचर्डने केलंच की. तो नटही होता, दिग्दर्शकही, सतरा संस्थांचा अध्यक्षही. त्याला निवड करावी लागली नाही, कारण घरी ती होती. रिचमंड ग्रीनवरचं ते घर अर्धशतकाहून जास्त काळ चालवायला कुणीतरी लागलंच असणार.

हा मुद्दा मात्र चिरंजीवांकडून परतवला गेला नाही. त्यांनी तसा प्रयत्न केला, पण ‘त्या काळात’ने सुरू होणारी वाक्यं या घरात ताईपुढे टिकत नाहीत.

एका गोष्टीवर दोघंही आवाज न चढवता बोलले. २००४च्या त्सुनामीत थायलंडच्या किनाऱ्यावर शीला-रिचर्डची मुलगी जेन, पंधरा वर्षांची नात ल्यूसी आणि जेनची सासू, तिघीही गेल्या. १९५०च्या दशकापासून दरवर्षी फ्रान्सला जाऊन दोघांनी जमवलेली पिकासोची मातीची भांडी पुढे त्यांच्या आठवणीखातर लेस्टरच्या संग्रहालयात ठेवण्यात आली. शीलाला स्मृतिभ्रंश जडला आणि ती डेनव्हिल हॉलमध्येच राहायला आली. ऑगस्ट २०१४मध्ये रिचर्ड तिथेच गेला, त्याच वर्षाच्या डिसेंबरात भाऊ जेराल्डही. १९ जानेवारी २०१६ला ती गेली, ९३ वर्षांची.

चिरंजीव : स्वतः उभारायला हात लावलेल्या घरात शेवटचे दिवस. याला तू वाया गेलेलं आयुष्य म्हणशील?

ताई : आयुष्य वाया गेलं असं मी म्हटलंच नाही. अभिनय गेला, म्हटलं. तो माझा गेला. म्हणजे प्रेक्षक म्हणून माझा. मला तिला पन्नाशीत बघायचं होतं, सत्तरीत बघायचं होतं. फ्लोरा रॉबसनसारखी एखादी आई करताना. तिच्या मुलांना ती मिळाली, ट्रस्टला मिळाली, कोर्टाला मिळाली. मी माझा वाटा मागतेय, एवढंच. दहा टक्के तरी.

चिरंजीव : आणि तू का सोडलंस?

मी चहाचे कप उचलायला लागलो. हा प्रश्न या घरात कुणी विचारत नाही.

ताई : बँकेत पेन्शन होती. (थांबून) आणि तू?

चिरंजीव : मला नव्हती.

ताई खळखळून हसली आणि मग दोघं पुन्हा चित्रपटाकडे वळले, याचं मला बरं वाटलं. वाद नवीन होता आणि तसा क्षुल्लक. चिरंजीवांना हा चित्रपट त्यांच्या मित्रमंडळींना दाखवायचा आहे आणि दोन तासांहून जास्त बसायला कुणी तयार होणार नाही, अशी त्यांची भीती. अमेरिकेत १९४९मध्ये याचीच दीड तासाच्या आसपासची छोटी प्रत लागली होती असं त्यांनी कुठेतरी वाचलं होतं; ती मिळाली तर बरं.

ताई : खबरदार! त्या प्रतीत काय केलंय माहीत आहे? प्रसंगच्या प्रसंग छाटले, वर निवेदन चढवलं, आणि त्या सार्जंटला एक बायको चिकटवली. किम हंटर. तिला सगळी गोष्ट सांगतोय असं नवीन चित्रीकरण केलं. का, तर एक पुरुष आणि एक बाई तास-दीड तास एकत्र फिरतात आणि प्रेमात पडत नाहीत, हे तिथल्या लोकांना पचणार नाही अशी धास्ती. माझा आपला अंदाज. दुसरं कारण मला तरी दिसत नाही.

चिरंजीव : म्हणजे ॲलिसन बाजूला सरली.

ताई : सरकवली. तिच्या पहिल्याच चित्रपटातून तिची जागा कमी केली. मूळ चित्रपटही तेव्हा चालला नाही म्हणा. हे काय चाललंय, असं लोकांना वाटलं. सत्तरच्या दशकात ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटने पूर्ण प्रत पुन्हा जुळवली, तेव्हा लोकांचे डोळे उघडले. ऑक्टोबर २००० मध्ये कँटरबरीत, जिथे पहिला खेळ झाला होता त्या जागी, पाटी लावली. अनावरण कुणी केलं असेल?

चिरंजीव : शीलाने.

ताई : शीलाने आणि जॉन स्वीटने. एक नट जो नट नव्हता आणि एक नटी जी नटी राहिली नव्हती. छप्पन्न वर्षांनी. आणि तू मला छोटी प्रत दाखवणार?

चिरंजीव : बॉम्ब पडलेल्या कँटरबरीतून ती चालते तो प्रसंग छोट्या प्रतीत आहे का?

ताई : असो-नसो. त्याआधी ती टेकडीवर जे ऐकते ते पूर्ण असल्याशिवाय त्या प्रसंगाला अर्थ नाही. इमारती पडल्यात, दुकानदारांनी ढिगाऱ्यावर नवीन पत्त्यांच्या पाट्या ठोकल्यात, आणि एक बाई तिला सांगते की आता कॅथेड्रल किती छान दिसतं बघ. आणि कॅथेड्रलच्या आतलं सगळं डेनहॅमच्या स्टुडिओत अल्फ्रेड युंगने उभं केलेलं. लिहिणारा हंगेरियन, सेट लावणारा जर्मन, कॅमेरामन बर्लिनचा. इंग्लंडचा सगळ्यांत इंग्रज चित्रपट हा असा झालाय. कापायला जागा कुठे आहे त्यात?

चिरंजीव : मित्र उठून जातील, आत्या.

ताई : जाऊ दे. १२४ मिनिटांचीच लाव. मी येते, आणि पहिल्या ओळीत बसते.